‘झॉम्बी’ नेमकं कुणावर रागावलंय, आणि ते गायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी तिच्या बँडसोबत गॅदरिंगला द क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं ‘झॉम्बी’ गाणार आहे. ड्रम वाजवणाऱ्या मित्राला वाटतं, हे भुताखेतांचं गाणं आहे, सगळ्यांनी चेहरे रंगवून धमाल करू. बेस वाजवणाऱ्याने कुठेतरी वाचलंय की हे गाणं आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांनाच झॉम्बी म्हणतं. इंग्रजांशी लढलेल्या माणसांना कुणी असं म्हणत असेल, तर आपण भारतीयांनी ते गाणं डोक्यावर का घ्यावं, असा त्याचा सवाल. तिला स्वतःला गाणं मनापासून आवडतं, पण आता गाताना मन खातंय. शिवाय कोरसला घसा बसतो. खरा अर्थ कुठला, गावं की नाही, आणि घशाचं काय, असं तिने विचारलंय.

कॉलेजात आहेस म्हणून तुला ‘तू’ म्हणते. मी पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकवते, त्याआधी बरीच वर्षं बँडमध्ये गायले. हे गाणं माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतंच, आणि तुझ्या बँडमध्ये चाललाय तो वाद थोड्याफार फरकाने प्रत्येक बँडमध्ये होतो. म्हणून सविस्तर लिहिते.

तुझे प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे: या गाण्यातला राग कुणावर आहे? ते एकदा कळलं की चेहरे रंगवायचे का, गावं की नाही, हे सुटतं. घशाचा प्रश्नसुद्धा अर्धाअधिक सुटतो. कारण बहुतेक जणी या गाण्यात ओरडतात त्या रागाचा पत्ता ठाऊक नसल्यामुळे. राग आहे एवढंच ऐकू येतं, मग सगळीकडे सारखाच जोर लावला जातो.

आधी घटना. 20 मार्च 1993, शनिवार. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन या गावात ब्रिज स्ट्रीट नावाच्या बाजाराच्या रस्त्यावर आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेने, दोन बॉम्ब ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधला मदर्स डे, त्यामुळे रस्ता खरेदीच्या गर्दीने भरलेला. बॉम्ब ठेवले होते ओतीव लोखंडाच्या कचरापेट्यांत, म्हणजे स्फोट झाला की पेटीचेच तुकडे सुरीसारखे उडणार. पहिला स्फोट झाल्यावर माणसं जीव घेऊन पळाली, आणि त्यातली काही नेमकी दुसऱ्या बॉम्बच्या दिशेने गेली. जॉनथन बॉल नावाचा तीन वर्षांचा मुलगा जागीच गेला. टिम पॅरी बारा वर्षांचा होता. तो पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होता आणि 25 मार्चला गेला. पन्नासहून जास्त माणसं जखमी झाली. या स्फोटाबद्दल आजवर कुणावरही खटला चाललेला नाही.

डोलोरेस ओरिओर्डन तेव्हा एकवीस वर्षांची होती. आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातल्या बॅलीब्रिकन या खेड्यातली मुलगी, चर्चमध्ये गाणारी, तिथे ऑर्गन वाजवणारी. बँडचे दौरे इंग्लंडमध्ये चालू असतानाच ही बातमी आली. हे गाणं तिने एकटीने, अकूस्टिक गिटारवर लिहिलं. बँडची बहुतेक गाणी ती आणि गिटारिस्ट नोएल होगन मिळून करायचे. ‘झॉम्बी’वर श्रेय फक्त तिचं आहे. ते तिने रिहर्सलला आणलं तेव्हा बाकीच्यांना सांगितलं की हे गाणं जड वाजलं पाहिजे, गिटारला डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटलेला खरखरीत आवाज, हवा, ड्रम जोरात हवेत. त्याआधीचा क्रॅनबेरीजचा आवाज आठव, म्हणजे ‘लिंगर’ किंवा ‘ड्रीम्स’. हळुवार, स्वप्नाळू. त्या बँडकडून असं काही येईल याची कुणाला कल्पना नव्हती.

आता शब्द. मी ओळी उतरवून देत नाही, तुला त्या पाठच असतील. फक्त क्रम बघ. पहिल्या कडव्यात एक मान खाली लोंबलेली आहे आणि एक लेकरू हळूहळू नेलं जातंय. लगेच पुढे गाणारी म्हणते की हे मी नाही, माझं कुटुंब नाही. मग कोरसमध्ये ‘तुझ्या डोक्यात’ ते अजून लढतायत, रणगाडे आहेत, बॉम्ब आहेत, बंदुका आहेत. दुसऱ्या कडव्यात आईचं काळीज फुटतंय, आणि मग ती सुप्रसिद्ध ओळ येते की 1916 पासून हेच चाललंय.

पहिल्या कडव्यात मूल, दुसऱ्यात आई. अख्ख्या गाण्यात हाडामांसाची माणसं ही दोनच. जे लढतायत ते फक्त डोक्यात आहेत, त्यांना चेहरा नाही. माझ्या मते गाण्याचा सगळा अर्थ या मांडणीत आहे. ज्याच्या डोक्यात एक जुनी लढाई अखंड चालू आहे आणि त्या नादात समोरचं तीन वर्षांचं पोर ज्याला दिसत नाही, तो झॉम्बी. चालतोय, हात हलतायत, पण चालवतंय दुसरंच काहीतरी.

तुझ्या ड्रमरला एवढं सांगितलंस तरी पुरे होईल. आणि रंगाचंच बोलायचं तर गाण्याच्या व्हिडिओत रंग आहे. सॅम्युअल बेयरने तो केला, निर्वाणा या अमेरिकन बँडचा 1991 मधला ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चा गाजलेला व्हिडिओ करणारा तोच. त्यात डोलोरेस अंगभर सोनेरी रंगात एका क्रूसासमोर उभी आहे आणि तिच्याभोवती चंदेरी रंगातली लहान मुलं आहेत. अधूनमधून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या रस्त्यांवरची खरी दृश्यं येतात: गस्त घालणारे ब्रिटिश सैनिक, भिंतींवरची चित्रं, खेळणारी पोरं. भूत एकही नाही.

आता बेसवाल्याचा आक्षेप. तो मी हलक्यात घेत नाही, कारण तो आयर्लंडमध्येही घेतला जातो, आणि घेणारी माणसं विचार करून घेतात.

1916 म्हणजे ईस्टर उठाव. एप्रिल महिन्यात डब्लिनमध्ये थोड्या बंडखोरांनी पोस्ट ऑफिस आणि इतर इमारती ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केलं. आठवडाभरात ब्रिटिशांनी उठाव चिरडला आणि मे महिन्यात त्याच्या पुढाऱ्यांना एकामागोमाग गोळ्या घातल्या. त्या मृत्युदंडांनी आयरिश जनमत फिरलं आणि पुढच्या काही वर्षांत देशाचा मोठा भाग स्वतंत्र झाला, उत्तरेचा भाग मात्र ब्रिटनकडेच राहिला. त्यामुळे आयर्लंडमध्ये 1916 हा आकडा पवित्र आहे. आपल्यालाही तो परका नाही. त्याच वर्षी, त्याच एप्रिल महिन्यात बेळगावला टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, आणि होमरूल हे नावच मुळी आयरिश चळवळीकडून आलेलं होतं. पुढे सप्टेंबरात मद्रासला ॲनी बेझंट यांनी आपली लीग काढली, त्यांचं तर मूळच आयरिश. डब्लिनचे बंडखोर होमरूलवर विश्वास उरला नव्हता म्हणून शस्त्र घेऊन उठले होते, तेव्हा दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण 1916 आणि ‘झॉम्बी’ एका दमात ऐकल्यावर मराठी मुलाला खटकलं, यात नवल नाही. खटकायलाच हवं.

टीकाकारांचं म्हणणं साधारण असं आहे: उत्तर आयर्लंडमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून जे तीस वर्षं चाललं, ज्यात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात एकट्या आयआरएचा हात नव्हता. ब्रिटिश सैन्याने 30 जानेवारी 1972 ला डेरी शहरात नि:शस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात तेरा जण त्याच दिवशी मेले. ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनीही शेकडो माणसं मारली. मग गाण्यात फक्त 1916 चं नाव का? आणि दक्षिणेतल्या लिमरिकच्या मुलीने, जिच्या दारात सैन्य उभं नव्हतं, ‘हे माझं कुटुंब नाही’ असं म्हणून हात झटकावेत का? बेलफास्ट किंवा डेरीत वाढलेल्या कॅथलिक माणसाला ती ओळ कानाला लागते. मला ते समजतं.

तरी मी हे गाणं त्या बाजूने ऐकत नाही. कारणं सांगते.

पहिलं कारण मार्च 1993 मधलं डब्लिन. वॉरिंग्टननंतर एका डब्लिनकर बाईने रेडिओवर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत आवाज उठवला, ‘पीस इनिशिएटिव्ह 93’ नावाची मोहीम उभी राहिली आणि आठवड्याभरात हजारो माणसं ओकॉनेल स्ट्रीटवर जमली. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन वॉरिंग्टनच्या शोकसभेला स्वतः गेल्या. त्या जमावाचं म्हणणं होतं की आमच्या नावाने हे करू नका. आयआरए जे करत होती ते सगळ्या आयरिश लोकांच्या नावाने, आणि सामान्य आयरिश माणूस म्हणत होता की आम्हाला विचारलंत कधी? ‘हे मी नाही, माझं कुटुंब नाही’ ही ओळ मी त्या गर्दीच्या तोंडची म्हणून ऐकते. ती दूर बसून हात झटकणाऱ्याची ओळ वाटत नाही. आपल्या नावावर खपवलेला खून नाकारणाऱ्याची वाटते.

दुसरं, रणगाडे. कोरसमध्ये बॉम्ब आणि बंदुकांबरोबर रणगाडेही येतात. रणगाडे आयआरएकडे नव्हते. ते एकाच बाजूकडे होते. म्हणजे ज्या डोक्यात हे युद्ध चाललंय ते डोकं एकाच गटाच्या माणसाचं आहे असं गाण्याचे शब्दच म्हणत नाहीत. 1916 ची ओळ इतकी ठसठशीत आहे की रणगाड्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिमरिक शहराच्या रेल्वे स्टेशनचं नाव कोलबर्ट स्टेशन आहे. कॉन कोलबर्ट हा त्याच परगण्यातला तरुण, मे 1916 मध्ये ब्रिटिशांनी त्याला गोळ्या घातल्या. डोलोरेस त्या परगण्यात, त्या नावांच्या सावलीत मोठी झाली. ती 1916 वर बोलली ती घरातली मुलगी म्हणून, घरातल्यांशी. इंग्लंडमधल्या कुणा गायकाने हीच ओळ लिहिली असती तर मी तुझ्या बेसवाल्याच्या बाजूने उभी राहिले असते. ओळ तीच, पण बोलणारं कोण आणि कुणापुढे, यावर तिचा अर्थ ठरतो.

या सगळ्यावरून ‘गाणं स्वातंत्र्यसैनिकांना नावं ठेवतं’ हे मला पटत नाही. 1916 चे बंडखोर गाण्यात झॉम्बी ठरत नाहीत. त्यांचं नाव घेऊन 1993 मध्ये बाजारपेठेत बॉम्ब ठेवणाऱ्याला, आणि शस्त्राच्या जोरावर सगळं निस्तरू पाहणाऱ्या प्रत्येकाला, ते प्रश्न विचारतं. तुमचा बेसवाला हे वाचूनही म्हणाला की मला नाही वाजवायचं, तर त्याला बळजबरी करू नका. हे गाणं अर्ध्या मनाने वाजवण्यात अर्थ नाही.

गाणं बाहेर आलं तेही विलक्षण वेळी. 31 ऑगस्ट 1994 ला आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. ‘झॉम्बी’ सप्टेंबरमध्ये आलं, ‘नो नीड टू आर्ग्यू’ हा अल्बम ऑक्टोबरात, आणि त्याच ऑक्टोबरात ब्रिटननिष्ठ टोळ्यांनीही शस्त्रं थांबवली. म्हणजे बहुतेक लोकांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोफा गप्प होत होत्या. गाण्यामुळे शांतता झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, शांततेचा करार 10 एप्रिल 1998 ला झाला आणि त्यामागे राजकारण्यांची, मध्यस्थांची वर्षांची मेहनत होती. पण लोक कशाला कंटाळले होते ते गाण्याने बरोबर पकडलं होतं. ऑस्ट्रेलिया, जर्मनी, फ्रान्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत वर पोचलं, आणि 1995 मध्ये एमटीव्ही युरोपने त्याला सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार दिला.

आता गाण्याकडे, म्हणजे माझ्या कामाकडे.

पूर्ण गाणं चार कॉर्डच्या एकाच फेऱ्यावर फिरतं. सुरुवात ई मायनर, मग सी, मग जी, आणि शेवटी बेस एफ शार्पवर उतरतो आणि पुन्हा ई. कडवं असो, कोरस असो, फेरा बदलत नाही. बऱ्याच गाण्यांत कोरसला कॉर्ड बदलतात, मोकळं वाटतं, इथे ती सुटका मिळतच नाही. बदलतो फक्त आवाजाचा आकार. कडव्यात गिटार मागे, कोरसला भिंत कोसळल्यासारखं डिस्टॉर्शन. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडतेय हे शब्द सांगतात आणि कॉर्डही तेच सांगतात. नवशिके बँड चौथ्या जागी साधा डी मेजर वाजवतात. वाईट वाटत नाही, पण बेसने मात्र एफ शार्पच धरायला हवा. तो सूर ई ला लागून असल्यामुळे फेरा संपल्यावर थांबू देत नाही, ओढून परत पहिल्या कॉर्डवर आणतो. तुमच्या बेसवाल्याने वाजवायचं ठरवलं तर त्याचं खरं काम इथे आहे.

गती साधारण मिनिटाला 84 ठोके. लाइव्हला सगळे शंभराकडे पळतात. मेट्रोनोम लावून बसा. हे गाणं पळालं की त्याचं नाचाचं गाणं होतं.

घसा. तू लिहिलंस की तू शास्त्रीय संगीत शिकलीस. मग तुझी अडचण मला नेमकी दिसते. आपल्याकडे आवाज एकसंध ठेवायला शिकवतात. मंद्रातून तारात जाताना सांधा ऐकू येता कामा नये, आवाज फुटता कामा नये, यासाठी वर्षानुवर्षं रियाज होतो. डोलोरेस नेमका तो सांधा उघडा टाकते. कोरसमधल्या ‘झॉम्बी’ शब्दानंतर ते ‘ए, ए, ए’ येतं ना, ते कानाला लावून सावकाश ऐक. प्रत्येक ‘ए’च्या शेवटी आवाज छातीतून निसटून डोक्यात उडी मारतो, क्षणभर, आणि लगेच खाली येतो. तिथे जोर नाही, उलट जोर सुटतो म्हणून ती उडी होते. शास्त्रीय शिकलेल्या मुली तिथे नकळत मुरकी घेतात. सूर बरोबर येतात पण सांधा बुजतो, आणि गाणं एकदम गोड होऊन जातं. आणि ज्यांनी काहीच शिकलेलं नाही त्या छातीचाच आवाज वर ओढत नेतात, तिथे घसा बसतो. तुझं बहुधा दोन्ही होतंय, आधी मुरकी, मग ती पुरेशी रागीट वाटत नाही म्हणून जोर.

माझा उपाय असा. आधी शब्द सोड. लांबून कुणाला हाक मारताना आवाज वर उडतो तसं ‘ओ-ऊ’ म्हणून बघ, ‘ओ’ छातीत, ‘ऊ’ डोक्यात, मधे काहीही सावरू नकोस. तुटू दे. हळू आवाजात कर. घशात टोचलं तर थांब, कारण बरोबर केलं तर टोचत नाही. आठवडाभर रोज थोडं थोडं हेच. मग ‘ए’वर ने, तरीही हळू. डिस्टॉर्शनच्या गिटारवर मोठं गाण्याची गरज तुला नाही, माइक आहे. मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून गायिका ओरडतात, तेव्हा साउंड चेकला भांडून मॉनिटर नीट करून घे. पट्टी उंच वाटली तर गिटार आणि बेस दोन्ही दोन सेमीटोन खाली लावा. बोटांच्या जागा तशाच राहतील आणि जडपणा उलट वाढेल. आणि सराव करताना किंवा नंतर दोन दिवस आवाज घोगरा राहिला तर सराव बंद ठेवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखव, तिथे माझा सल्ला पुरणार नाही.

त्या फुटणाऱ्या आवाजात मला आणखी एक गोष्ट ऐकू येते. आयर्लंडमध्ये पूर्वी मयताच्या घरी बायका हेल काढून रडायच्या. आपल्या खेड्यांतही हे होतं, आजही कुठे कुठे आहे. तिकडे त्याला कीनिंग म्हणतात. त्यात रडणं आणि गाणं यांच्या मधली जागा असते, शब्द संपतात आणि नुसता स्वर उरतो, तो स्वर चढतो आणि तुटतो. कोरसच्या शेवटी ‘झॉम्बी’ शब्द झिजून नुसता ‘ए’ उरतो, तेव्हा मला रॉक कमी आणि ते रडणं जास्त ऐकू येतं. मी शिकवते ती अशीच. राग कुणावर आहे हे वर लिहिलं, पण गाताना रागाने सुरुवात करू नकोस. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरातली बाई जो आवाज काढेल तिथून सुरुवात कर, राग आपोआप येतो. बँडने 2017 मध्ये ‘समथिंग एल्स’ या अल्बमात हेच गाणं आयरिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांसोबत, डिस्टॉर्शनशिवाय केलं. ते ऐक. भिंत काढून घेतली की गाण्यात काय उरतं ते तिथे कळतं.

वारशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण ‘गावं की नाही’ याचं उत्तर त्यातच आहे, म्हणून लिहिते.

15 जानेवारी 2018 ला डोलोरेस लंडनमध्ये अचानक गेली, वय 46. बॅड वुल्व्ह्ज या अमेरिकन मेटल बँडने ‘झॉम्बी’ नव्याने केलं होतं आणि ती त्याच दिवशी त्यांच्यासाठी आपला आवाज रेकॉर्ड करणार होती. त्यांनी मग ते तिच्याशिवायच काढलं. शब्दांत 1916 च्या जागी 2018 आणि बॉम्बच्या सोबतीला ड्रोन आले. मिळकतीतले अडीच लाख डॉलर तिच्या तीन मुलांना दिले. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण साल बदलल्याने गाणं कुणाचंही झालं आणि कुणाचंच राहिलं नाही असं मला वाटतं. 1916 या आकड्याला एक घर होतं, भांडण होतं, तिथे बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागत होती. 2018 म्हणायला कुणालाच काही मोजावं लागत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की तुम्हीही साल बदलू नका. ‘आपल्याकडचं’ काही घालू या, अशी कल्पना बँडमध्ये कुणाला तरी सुचेलच.

त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टिम पॅरीचे वडील कॉलिन पॅरी यांना हे गाणं आपल्या मुलाच्या मृत्यूवरून लिहिलंय हे डोलोरेसच्या मृत्यूच्या बातम्यांमुळे कळलं. जवळपास पंचवीस वर्षं जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकलेलं गाणं, आणि ज्या घरासाठी ते होतं त्या घरी ते पोचलंच नव्हतं. त्यांनी ते लॅपटॉपवर लावून ऐकलं, शब्द वाचले आणि ते खरे आणि भव्य वाटल्याचं सांगितलं. मधल्या काळात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने दोन्ही मुलांच्या नावाने संस्था उभी केली होती आणि वॉरिंग्टनमध्ये शांततेसाठी केंद्र चालवलं होतं. एका आयरिश मुलीने लिहिलेलं ते त्या इंग्रज बापाला आपलं वाटलं. ‘गाणं कुणाची बाजू घेतं’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आणि मग 23 सप्टेंबर 2023. पॅरिसच्या स्टेडियममध्ये रग्बी विश्वचषकात आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला 13-8 असं हरवलं आणि हजारो आयरिश प्रेक्षकांनी ‘झॉम्बी’चा कोरस छतापर्यंत नेला. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि आयर्लंडमध्ये वाद पेटला. उत्तरेतले काही म्हणाले, आमच्या दुःखावरचं एकांगी गाणं हा विजयाचा जल्लोष कसा? बाकीचे म्हणाले, आम्ही ते डोलोरेससाठी आणि लिमरिकसाठी गातो. आयर्लंडचा रग्बी संघ उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडच्या खेळाडूंचा असतो, त्यामुळे वादाला आणखी धार आली. मला दोघांचंही पटतं. पण एक गोष्ट बघ: स्टेडियममध्ये फक्त कोरस गायला जातो. कडवी कुणी गात नाही. मूल आणि आई कडव्यांतच आहेत. ती वगळली की उरतो तो हात वर करून म्हणायचा एक मस्त कोरस.

गॅदरिंगलाही हेच होणार आहे. समोरची पोरं कोरसची वाट बघतील, कडव्यात गप्पा मारतील. आता सगळं काही परिस्थितीवर अवलंबून आहे ते इथे. तुम्हाला पूर्ण पाच मिनिटं मिळणार असतील, तर मी म्हणेन गा, जरूर गा. तीन मिनिटांत कापून फक्त कोरस करायला लावत असतील, तर दुसरं गाणं घ्या, क्रॅनबेरीजचंच ‘ड्रीम्स’ घ्या, तेही कमी नाही. सुरुवातीला एक वाक्य बोलता येत असेल तर दोन मुलांची नावं आणि गाव एवढंच सांग, भाषण नको. आणि पहिलं कडवं इतकं हळू गा की त्यांना गप्प बसावंच लागेल. ड्रमरला सांग, कडव्यात काठ्या हलक्या. मूळ रेकॉर्डिंगमध्ये कोरस अंगावर येतो तो त्याआधीच्या शांततेमुळे.

एवढं करून बघ. कोरसच्या त्या ‘ए’चं रेकॉर्डिंग फोनवर करून पाठवलंस तर सांधा कुठे बुजतोय ते ऐकून सांगेन. बँडसोबत नको, नुसता आवाज, आणि हळू गायलेला.